फोटो मे महिन्यात काढा!

पहिला पाऊस पडला की वृक्षारोपणाची धूम सुरू होते. फलक, हार, फोटो आणि खड्ड्यात एक रोप. आम्हीही तेच केलं होतं. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांना घेऊन दोनशे रोपं लावली. पुढच्या मे महिन्यात जाऊन मोजली, तर अकरा उरलेली! काही उन्हानं वाळली, काही शेळ्यांनी खाल्ली. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. गटातल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, झाड लावनं सोपं हाय. थे पोरावानी वाढवा लागते."

त्या अकरांपैकी सात झाडं मावशींच्या धुऱ्यावरची होती. त्यांनी काय केलं? मे महिन्यातच खड्डे करून उन्हात तापू दिले. शेणखत घातलं. चांगले दोन पाऊस झाल्यावर रोप लावलं, भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण केलं. हिवाळा संपताच प्रत्येक रोपाजवळ एक जुनं मडकं पुरलं. त्याच्या बुडाला बारीक छिद्र, छिद्रात चिंधीची वात. चार-पाच दिवसांनी मडकं भरायचं, बस्स.

हे गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या काठानं अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. सारी भिस्त पावसावर. कपाशी बुडाली की घर बुडालं. अशा वेळी धुऱ्यावरचं बोर, शेवगा, बाभूळ चार पैसे देतं. शेळ्यांना शेंगा, चुलीला सरपण, वखराला लाकूड मिळतं. सरपणासाठी मैलभर कोण जातं? आपणच ना!

"झाडाच्या सावलीनं पीक मरते," असं घरचे पुरुष म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. म्हणून पेरणीआधी खालच्या फांद्या छाटायच्या. दुसरी भीती तोडण्याच्या परवानगीची. राज्याच्या 1964 च्या कायद्यानं सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा ठरावीक झाडांना परवानगी लागते. म्हणून लावतानाच विचारून घ्यावं. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडंही नोंदवता येतात, ती जरूर नोंदवा.

कडुनिंबाचं तर काय सांगू! जूनमध्ये निंबोळ्या नुसत्या पायाखाली तुडवल्या जातात. त्या गोळा करून वाळवा. फवारणीच्या आदल्या दिवशी 5 किलो कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यानं गाळा, वेगळ्या भांड्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणचुरा मिसळा आणि एकूण 100 लिटर पाणी करा. झाला 5 टक्के निंबोळी अर्क. मावा, तुडतुड्यांची सुरुवात असतानाच फवारला तर महागड्या औषधाची एखादी फवारणी वाचते. उधारीचा एक आकडा तरी कमी होतो.

आपल्याच अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. वनहक्क कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला गावालगतच्या उजाड जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावानं ते राखलं, रोपं लावली. तिथली सीताफळं मुंबईपर्यंत गेली. 2014 मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. ही किमया राखणीची, नुसत्या लावणीची नाही.

सरकारी योजना येतात, बदलतात. 2018 मध्ये राज्यानं रोजगार हमीतून शेताच्या बांधावर लागवडीला मंजुरी दिली होती. यंदा काय मिळतं ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. आणि हो, एकट्या जाऊ नका, चौघीजणी मिळून जा. सातबारावर आपलं नाव नसलं तरी विचारायला कुणाची बंदी नाही.

पण योजनेची वाट कशाला बघायची? यंदा घरटी दोनच झाडं लावू. एक कडुनिंब, एक शेवगा. घरात मडकं आहे, चिंधी आहे. आणि फोटो जुलैत नको, पुढच्या मे महिन्यात काढू. तेव्हा हिरवं दिसलं, तरच झाड लावलं म्हणायचं.