वेरूळचं कैलास मंदिर आधी शिखरापासून का कोरलं?

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 30 किलोमीटरवरच्या वेरूळचं रील दर काही महिन्यांनी फिरतं. लाखो टन दगड, हातात फक्त छिन्नी-हातोडा, म्हणजे हे काम परग्रहवासीयांचंच! पाथरवटांचं श्रेय असं 30 सेकंदांत काढून घेतलं जातं.

मग हे झालं कसं? आधी कुठली कामं टाळली ते बघा.

एरवी मंदिर बांधायचं म्हणजे खाणीतून दगड काढा, वाहून आणा, परांची बांधा, वर चढवा, सांधे जुळवा. इथे यातलं काहीच नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले. मधे सुटलेला प्रचंड दगड वरून खाली कोरत आणला. आधी शिखर, शेवटी पाया. पायाखाली अजून डोंगरच होता, मग परांची हवी कशाला?

खालचा मजला वाटतो ते सुमारे 25 फुटी जोतंही भरीव आहे. बाहेरून हत्ती-सिंह कोरले, आत पोखरत बसले नाहीत.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचं गणित मांडलं होतं. एका माणसाने दिवसाला 4 घनफूट दगड फोडला, तर 250 मजुरांना साडेपाच वर्षं पुरतात. म्हणजे माणशी रोज सव्वातीनशे किलोच्या आसपास दगड. कष्ट आहेतच, पण चमत्कार नाही.

धोका मात्र मोठा होता. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो, इथे तुटलेलं परत जोडता येत नाही. त्यामुळे खालच्या खांबाची जागा शिखर कोरतानाच ठरलेली हवी.

'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातली दंतकथा तर भन्नाट आहे. राजा आजारातून बरा झाल्यावर राणीला नवस फेडायचा होता: मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न नाही. पायापासून बांधायला घेतलं असतं तर राणी उपाशी मेली असती. पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने आठवड्यात शिखर दाखवण्याचा शब्द दिला आणि थेट वरून सुरुवात केली. इतिहास म्हणून हे घेता येणार नाही, पण पद्धत लोकांच्या नेमकी लक्षात राहिली होती.

आणि 'हे माणसाने केलंच कसं' हा प्रश्नही रीलवाल्यांचा नाही. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात तो आहे. विमानातून जाणाऱ्या देवांना हे मंदिर मानवनिर्मित वाटेना, असं त्यात वर्णन येतं. पुढे मंदिर घडवणारा शिल्पकारही, आपल्या हातून हे झालं कसं, म्हणून चकित होतो.