हप्ता पडतो, पण कुठे?

‘पडला का?’ हा प्रश्न गावात वर्षातून तीनदा फिरतो. पीएम किसानचे 6,000 रुपये दोन-दोन हजारांनी येतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 2023 पासून आणखी तेवढेच. नमोची यादी पीएम किसानच्याच यादीवर उभी असल्याने एकीकडे अडलेला शेतकरी दुसरीकडेही अडतो.

शेजाऱ्याचा पडतो, आपला नाही. मग पासबुक भरून आणायचं, नोंद नाही म्हणून तलाठ्याकडे, तिथून कृषी कार्यालयात. बऱ्याचदा पैसे निघालेले असतात, उतरतात भलतीकडे. आधारवर पाठवलेली रक्कम अर्जातला खातेक्रमांक बघत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलेला, तिथे जाते. 2017 मध्ये असंच अनेकांचं सिलिंडरचं अनुदान एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत जाऊन पडलं. सिमच्या पडताळणीसाठी अंगठा दिला आणि खातं कधी उघडलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. यावर उपाय सोपा आहे: आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा, जुनी बँक असेल तर हव्या त्या बँकेत अर्ज द्या.

ई-केवायसीचं दुखणं वेगळं. खुरपं-फावडं धरून झिजलेला अंगठा सेवा केंद्रातलं यंत्र ओळखत नाही, ओटीपीचा मोबाइल मुलाकडे पुण्यात. चेहऱ्यावरून पडताळणीची सोय आली, तेव्हा म्हाताऱ्यांची फरफट थोडी थांबली.

खरी गाठ मात्र सातबाऱ्यावर आहे. 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत जमीन नावावर हवी. त्यानंतरचा फेरफार वारसाने असेल तरच चालतो. म्हणजे 2020 मध्ये पै-पै जमवून एकरभर घेतलेला नवा शेतकरी बाहेर. नवरा-बायको आणि अज्ञान मुलं मिळून एकच लाभ, त्यामुळे तो बहुधा पुरुषाच्या नावे. आणि खंडाने किंवा बटईने कसणारा? पेरणीचं कर्ज त्याच्या डोक्यावर, गारपिटीचा फटका त्याला, हप्ता शहरात राहणाऱ्या मालकाला. हा मालक प्राप्तिकर भरत नसेल, तर नियमात बसू शकतो.

बटईचा लेखी करार मालक करून देत नाहीत, कुळाचा हक्क लागेल ही धास्ती जुनी आहे. त्यामुळे बटईदार शोधणं अवघड, हे मान्य. पण ओडिशाने 2018 च्या अखेरीस जाहीर केलेल्या कालिया योजनेत भूमिहीन आणि बटईदारांनाही धरलं होतं. महाराष्ट्राने नमो आणताना ती संधी होती. केंद्राचीच यादी उचलून ती घालवली.