यजमान मंडळे, पाहुणे खेळाडू

हैदराबादच्या नल्लकुंटा वस्तीत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला आज स्पर्धांची वानवा नाही. शहरात खुल्या स्पर्धा होतच असतात. प्रवेश शुल्क भरायचे, स्विस पद्धतीच्या फेऱ्या खेळायच्या आणि गुण घेऊन घरी परतायचे. तो खेळतो स्वतःसाठी, फार तर शाळेसाठी किंवा राज्यासाठी; नल्लकुंट्याकडून खेळण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. आपल्याकडच्या प्रादेशिक स्पर्धांचा इतिहास पाहिला तर याचे कारण सापडते. इथल्या मंडळांनी स्पर्धा भरवल्या, खेळाडू घडवले, पण ती स्वतः पटावर उतरली नाहीत. ती यजमान राहिली आणि खेळाडू पाहुणे. आपल्या बुद्धिबळाचे बळ यात आहे, आणि उणीवही.

आरंभी ही यजमानकी गरजेचीच होती. जुन्या हिंदुस्थानी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नसे, किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, आणि बारीकसारीक नियम गावागणिक बदलत. दोन गावांचे खेळाडू समोरासमोर बसायचे तर आधी नियमांवर एकमत हवे. ते घडवून आणण्याचे काम स्पर्धांनी केले. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि 1955 मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आंध्रातल्या एलुरूला झाली. डी. वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा मान मुंबई-मद्रासला न जाता एलुरूला गेला, यातच प्रादेशिक उत्साहाचे वजन कळते. पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी निवडीची उतरंड पक्की झाली. तिचे एकक मात्र एकटा खेळाडू हेच राहिले.

या यजमानकीचे उत्तम उदाहरण सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि दशकानुदशके स्पर्धा भरवल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या खेळाडू त्याच परंपरेतून पुढे आल्या. मोठ्या शहराबाहेरचे एक मंडळ राष्ट्रीय विजेत्या घडवू शकते, हे सांगलीने दाखवून दिले. हैदराबादचे यजमानपद आणखी मोठे. 1981 मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात झाली आणि मुंबईच्या रोहिणी खाडिलकर 12 पैकी साडेअकरा गुण मिळवून, एकही डाव न हरता जिंकल्या. 2002 मध्ये विश्वचषकही इथेच झाला आणि विश्वनाथन आनंद यांनी तो जिंकला. अशा स्पर्धांनी शहराचे नाव झाले, पण एखाद्या वस्तीचा संघ त्यातून उभा राहिला नाही. तो तसा राहणारही नव्हता, कारण पाहुणे परतले की यजमानाकडे उरतात ती टेबले आणि घड्याळे.

जर्मनीत याच्या उलट रचना आहे. तिथल्या बुंडेसलीगा या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत क्लबच प्रतिस्पर्धी असतात. 1980 पासून ती एकाच गटात खेळली जाते. आठ पटांवर सामने होतात, तळाचे क्लब खालच्या गटात घसरतात आणि तिथले विजेते वर चढतात. त्याखाली प्रादेशिक साखळ्यांची उतरण थेट गावापर्यंत पोचते. त्यामुळे आठव्या पटावरच्या हौशी खेळाडूचा अर्धा गुणही क्लबचा हंगाम वाचवू शकतो.

अशी क्लबांची साखळी आपल्याकडेही हवी. यावर पहिला आक्षेप सरळ आहे. क्लबांच्या साखळीवाचून भारताचे काय अडले? 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण आले. वरंगळचा अर्जुन एरिगैसी 2800 मानांकनाच्या पलीकडे गेला. 2025 च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी यांच्यात झाली. हे सारे खरे आहे, पण हे शिखराचे पुरावे आहेत. खुल्या स्पर्धेत हरलेल्याला पुढच्या रविवारी परत यायला मानांकनाखेरीज कारण नसते. त्या मानांकनाची किमान पातळीही जागतिक महासंघाने 2024 मध्ये 1000 वरून 1400 वर नेली. मानांकनाच्या बाहेर राहिलेला मुलगा कशासाठी खेळेल? संघात चौथा पट सांभाळणाऱ्याला मात्र कारण असते, कारण त्याची वाट पाहणारे तिघे असतात.

दुसरा आक्षेप असा की साखळीचा प्रयोग आपल्याकडे झाला आहे. 2013 मध्ये महाराष्ट्र चेस लीग सुरू झाली. पण तिथे संघ मालकांनी बोली लावून बांधले होते. वस्तीतून उगवले नव्हते. तिसरा आक्षेप संगणकाचा: घरबसल्या जगभरचा प्रतिस्पर्धी मिळतो, मग सभागृह कशाला? सरावासाठी पडदा उत्तमच आहे. पण हरलेला डाव प्रतिस्पर्ध्यासोबत पुन्हा मांडून बसणे, ज्येष्ठांनी चूक दाखवणे, पंचांनी तंटा सोडवणे, हे एका छताखालीच घडते.

म्हणून सूचना साधी आहे. नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा, काचीगुडा, अंबरपेट अशा शेजारच्या वस्त्यांनी चार-चार पटांचे संघ करावेत. त्यातला एक पट शाळकरी मुलाला आणि एक ज्येष्ठाला राखावा, आणि महिन्यातून एका रविवारी सामना व्हावा. चार पट, चार घड्याळे आणि एक खोली एवढे पुरते. काचीगुड्याच्या आसपासच्या मराठी संस्थांनी खोली द्यावी आणि एक संघही उतरवावा. तेलुगू, उर्दू, मराठी शेजाऱ्यांना एका पटावर बसवायला याहून स्वस्त उपाय नाही. यजमानकी पुष्कळ झाली. आता मंडळांनी खेळायला बसावे.