फळी हलकी की जड?

बदलापूरच्या बारवी धरणावर काइटबोर्डिंगचे, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचे, स्वप्न पाहू नका. ते पिण्याचे पाणी, आणि भोवतालच्या डोंगरांमुळे वारा झटक्याझटक्याने येतो. उल्हासनगर-अंबरनाथच्या हौशी मंडळींनी गोव्यात मोरजी गाठावे. तिथे जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून सलग वारा सुटतो.

दुकानात फळी घेताना मात्र पहिला प्रश्न वजनाचाच निघतो. साधे गणित करा. पाऊणशे किलोचा माणूस दोनऐवजी तीन किलोच्या फळीवर उभा राहिला, तर एकूण भार सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतो. पाण्याची उचल ठरते फळीच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर. म्हणजे वारा मंद असेल तर फळी हलकी नव्हे, मोठी आणि सपाट हवी.

वजन जाणवते ते हवेत. उडी मारून गिरकी घेताना टोकाकडचे वजन सर्वात जास्त छळते: मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की तेच वजन फिरवायला चौपट जड. पाण्यावर मात्र थोडी जड फळी छोट्या लाटांनी कमी उसळते. कार्बनची फळी हलकी, पण ताठ. गुडघ्यांना ते लगेच कळते. नवशिक्याने त्यासाठी जादा पैसे मोजणे मला तरी उधळपट्टी वाटते.

जुनी फळी घेताना मात्र काटा हवाच. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा ती बरीच जड भरली, तर चिरेतून आतल्या लाकडात पाणी मुरल्याची शंका घ्यावी.