टेक्नो संगीतातील भविष्यकल्पना : विज्ञानसाहित्य, यंत्र आणि डेट्रॉइट शहर

प्रास्ताविक

'टेक्नो' हा शब्द आज कोणत्याही वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतासाठी सैलपणे वापरला जातो. त्यामुळे या संगीतप्रकाराला स्वतःचा इतिहास, स्वतःची भूमी आणि स्वतःची विचारदृष्टी आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. मिनिटाला साधारणपणे १२० ते १४० ठोके, चार समान मात्रांचा अखंड आघात, सिंथेसायझरचे आवर्ती स्वरपुंज आणि शब्दांचा जवळजवळ अभाव, ही टेक्नोची बाह्य लक्षणे होत. हे संगीत १९८० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या परिसरात, कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून घडले. त्याच्या ध्वनिमुद्रिकांच्या शीर्षकांत अवकाशयाने, उडत्या तबकड्या, शनीची कडी आणि यंत्रनगरे यांचा सतत वावर आढळतो.

हा वावर केवळ सजावटीसाठी आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. ज्यांचा भूतकाळ हिरावला गेला आणि ज्यांच्या शहराचा वर्तमानकाळ डोळ्यांदेखत ढासळत होता, त्यांनी भविष्यावर सांगितलेला हक्क म्हणजे टेक्नोमधील विज्ञानकल्पना होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

भविष्यवादाचे दोन अर्थ

या विषयाच्या चर्चेत 'भविष्यवाद' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी येते. पहिला अर्थ इटलीतील कलाचळवळीचा आहे. १९०९ मध्ये फिलिप्पो मारिनेत्ती यांनी भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध करून वेग, यंत्र आणि युद्ध यांचा गौरव केला. याच चळवळीतील लुइजी रुस्सोलो यांनी १९१३ मध्ये 'गोंगाटाची कला' या आशयाचा जाहीरनामा लिहिला. कारखान्यांनी भरलेल्या शहरात वाढलेल्या कानाला जुन्या वाद्यवृंदाचे नाद अपुरे वाटणार, म्हणून संगीताने गोंगाटही आपल्या कवेत घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी गोंगाट निर्माण करणारी स्वतंत्र वाद्येही तयार केली. टेक्नोचा उगम अनेकदा थेट या चळवळीत शोधला जातो. तथापि हे नाते विचारसाम्याचे आहे, वारशाचे नव्हे. मारिनेत्ती यांची वाटचाल पुढे फॅसिझमकडे झाली, हेही विसरता येत नाही.

दुसरा अर्थ भविष्यवेधाचा, म्हणजे समाज आणि तंत्रज्ञान यांच्या पुढील वाटचालीच्या अभ्यासाचा आहे. डेट्रॉइटच्या संगीतकारांवर प्रत्यक्ष प्रभाव पडला तो या प्रवाहाचा. ॲल्विन टॉफ्लर यांचे 'फ्यूचर शॉक' (१९७०) आणि 'द थर्ड वेव्ह' (१९८०) हे ग्रंथ त्या काळी अमेरिकेत सर्वत्र वाचले जात होते. शेतीची पहिली, कारखानदारीची दुसरी आणि माहितीची तिसरी अशा तीन लाटांतून मानवी संस्कृती जाते, अशी टॉफ्लर यांची मांडणी होती. यंत्राला शरण न जाता आणि त्याचा द्वेषही न करता, त्याच्यावर समाजाचे नियंत्रण असावे असे मानणाऱ्यांना त्यांनी 'टेक्नो-रेबेल' म्हटले. टेक्नोचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे हुआन ॲटकिन्स यांनी शालेय वयात भविष्य-अभ्यास हा विषय घेतला होता. त्यांच्या संगीताची परिभाषा टॉफ्लर यांच्या परिभाषेशी जोडलेली आहे.

डेट्रॉइट : दुसऱ्या लाटेचा अस्त

टॉफ्लर यांचा सिद्धान्त इतरत्र ग्रंथगत राहिला असता. डेट्रॉइटमध्ये मात्र तो रस्त्यावर दिसत होता. १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांनी डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्क येथील कारखान्यात मोटारींच्या जुळणीची फिरती साखळी सुरू केली आणि हा परिसर औद्योगिक जगाची राजधानी बनला. दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कामगार येथे व इतर औद्योगिक शहरांत आले. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १८.५ लाख होती. १९८० मध्ये ती सुमारे १२ लाखांवर आली. १९६७ च्या जुलैमधील उद्रेकात ४३ जणांचा मृत्यू झाला आणि गोऱ्या वस्तीचे उपनगरांकडील स्थलांतर अधिक वेगाने होऊ लागले. शहराच्या संगीताचा मानबिंदू असलेली मोटाऊन ही संस्था १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला हलली. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने औद्योगिक यंत्रमानव तयार करण्यासाठी एका जपानी कंपनीशी भागीदारी केली. ज्या साखळीने कामगारांना शहरात आणले, त्याच साखळीवर आता यंत्रमानव उभा राहत होता.

ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल या बहुसंख्य गोरी वस्ती असलेल्या लहान गावात शाळेत एकत्र आले. या संगीताचे वर्णन काही वेळा झोपडपट्टीतील आक्रोश असे केले जाते. या तिघांच्या बाबतीत ते खरे नाही. त्यांची पार्श्वभूमी मध्यमवर्गीय होती. ते शहराच्या ऱ्हासाकडे काहीशा अंतरावरून आणि वाचलेल्या पुस्तकांच्या प्रकाशात पाहू शकत होते.

ॲटकिन्स यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेले रिक डेव्हिस यांच्यासह 'सायबोट्रॉन' ही जोडी स्थापन केली. १९८१ मध्ये 'ॲलीज ऑफ युवर माइंड', १९८३ मध्ये 'क्लिअर' आणि १९८४ मध्ये 'टेक्नो सिटी' या त्यांच्या रचना आल्या. १९८५ मध्ये ॲटकिन्स यांनी 'मेट्रोप्लेक्स' हे स्वतःचे लेबल सुरू करून 'मॉडेल ५००' या नावाने 'नो यूएफओज' ही ध्वनिमुद्रिका काढली. माणसाच्या नावाऐवजी यंत्राच्या नमुन्याचा क्रमांक धारण करणे, ही या संगीतातील वैशिष्ट्यपूर्ण कृती होय. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या संकलनाच्या शीर्षकात 'टेक्नो' हा शब्द आला आणि प्रकाराला नाव मिळाले. त्याच वर्षी ॲटकिन्स यांनी एका मुलाखतीत, आपल्याला मोटाऊनच्या संगीतापेक्षा फोर्डच्या यंत्रमानवांत अधिक रस आहे, अशा आशयाचे मत व्यक्त केले. मोटाऊनने कारखान्याच्या साखळीवरून गीतनिर्मितीची पद्धत उचलली होती. कारखाना बदलला तर संगीतही बदलले पाहिजे, हा या मतामागील तर्क होता.

अंतराळयान आणि यंत्रमानव

टेक्नोच्या आधीच कृष्णवर्णीय संगीतात अंतराळाची एक परंपरा होती. जॅझवादक सन रा स्वतःला शनी ग्रहाचा रहिवासी म्हणवत. १९७४ च्या 'स्पेस इज द प्लेस' या चित्रपटात ते आपल्या लोकांना दुसऱ्या ग्रहावर नेऊ पाहतात. जॉर्ज क्लिंटन यांच्या 'पार्लमेंट' या वाद्यवृंदाने १९७५ मध्ये 'मदरशिप कनेक्शन' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढे कार्यक्रमात रंगमंचावर अवकाशयान उतरवले. डेट्रॉइटमध्ये 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने प्रसिद्ध असलेले रेडिओ-निवेदक चार्ल्स जॉन्सन आपल्या कार्यक्रमात अवकाशयान उतरल्याचे ध्वनिनाट्य सादर करीत. गोऱ्यांचे आणि काळ्यांचे संगीत अशी वाटणी न पाळता ते क्लिंटन, प्रिन्स आणि जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क' यांना एकाच रात्री ऐकवीत.

ड्यूसेलडॉर्फ येथील क्राफ्टवेर्कने या परंपरेला दुसरी बाजू दिली. 'द मॅन-मशीन' (१९७८) या त्यांच्या संग्रहात यंत्रमानवावरील रचना आहे, तसेच फ्रिट्झ लँग यांच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) या चित्रपटाचे नाव धारण करणारी रचनाही आहे. यांत्रिक आवाजासाठी त्यांनी व्होकोडर हे साधन वापरले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दूरध्वनीसाठी विकसित झालेले हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणासाठी उपयोगात आणले गेले होते. टेक्नो म्हणजे क्लिंटन आणि क्राफ्टवेर्क एकाच लिफ्टमध्ये अडकल्यासारखे आहे, हे डेरिक मे यांचे वर्णन प्रसिद्ध आहे.

येथे 'रोबो' या शब्दाचा उगम ध्यानात घेणे उद्बोधक ठरते. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या चेक नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो ज्या चेक शब्दावरून घेतला, त्याचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजे मराठीतील 'वेठ' असा आहे. रोबो हा मुळात यंत्र नसून वेठबिगार आहे. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले, त्या समाजातील कलावंतांनी यंत्रमानवाचे रूप धारण करणे हे यामुळे निव्वळ अनुकरण राहत नाही. युरोपीय कलावंताला यंत्रमानव ही भविष्यातील शक्यता वाटते; गुलामांच्या वंशजांसाठी माणसाचे यंत्रात रूपांतर हा घडून गेलेला इतिहास आहे.

शब्दांविना अर्थ

जे संगीत फारसे शब्द वापरत नाही, ते विज्ञानकथा सांगते कसे, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग नामकरणाचा : रचना, कलावंत आणि लेबल यांची नावे मिळून एक कल्पित विश्व उभे राहते. दुसरा मार्ग वेष्टन आणि तबकडीवरील मजकुराचा. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मार्ग प्रत्यक्ष ध्वनीचा होय.

जपानमधील रोलँड कंपनीची टीआर-८०८ (१९८०) आणि टीआर-९०९ (१९८३) ही तालयंत्रे व टीबी-३०३ हे मंद्रस्वरांचे यंत्र, ही या ध्वनीची प्रमुख साधने. हजर नसलेल्या वादकाची जागा घेणे हा त्यांचा मूळ हेतू होता. टीआर-८०८ चा ठोका खऱ्या ढोलासारखा वाजत नसल्याने ते बाजारात अपयशी ठरले आणि १९८३ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. जुन्या मालाच्या बाजारात ते स्वस्त झाले, तेव्हा तरुणांनी ते विकत घेतले आणि यंत्राच्या उणिवेलाच त्याचा स्वभाव मानले. माणसाला हटवण्यासाठी बनवलेले यंत्र हटवल्या गेलेल्या समाजाच्या मुलांनी आपल्या अभिव्यक्तीसाठी वापरले.

केवळ यंत्रामुळे हा अर्थ निर्माण होत नाही, याचा पुरावा मुंबईत सापडतो. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. तीत टीआर-८०८ आणि टीबी-३०३ हीच यंत्रे आहेत. त्यांवर भैरवी, तोडी, मालकंस असे राग वाजतात. २०१० मध्ये तिची पुन्हा निर्मिती झाल्यावर शिकागोतील ॲसिड हाउस या प्रकाराशी तिचे आश्चर्यकारक साम्य जगाच्या लक्षात आले. परंतु चरणजीत सिंग यांचे यंत्र परंपरेला नव्या तालावर नेत होते; ॲटकिन्स यांचे यंत्र परंपरेपासून दूर जाणारे यान होते. साधन एकच असूनही सामाजिक अनुभवानुसार त्याचा अर्थ बदलतो.

विज्ञानकथा हाच इतिहास

१९९० च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' हा गट स्थापन केला. मुखवटे, छुप्या सैन्याची परिभाषा आणि मोठ्या कंपन्यांना नकार ही त्याची ओळख होती. १९९२ मध्ये या गटाने 'एक्स-१०२' या नावाने शनीच्या कड्यांवर आधारलेला संग्रह काढला. मिल्स यांनी पुढे २००० मध्ये 'मेट्रोपोलिस' या मूकपटासाठी नवे संगीत रचले. मालक वर आणि कामगार जमिनीखाली, अशी त्या चित्रपटातील नगररचना डेट्रॉइटच्या संगीतकाराला परकी वाटली नसावी.

जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांच्या 'ड्रेक्सिया' या जोडीने या विचाराला सर्वाधिक धारदार रूप दिले. १९९७ च्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबतच्या मजकुरात त्यांनी एक कथा मांडली. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून अटलांटिक महासागरात फेकल्या गेलेल्या गर्भवती आफ्रिकी स्त्रियांची अर्भके पाण्यात श्वास घेऊ लागली आणि त्यांची जलसंस्कृती निर्माण झाली, अशी ही कल्पना आहे. जिवंत माणसे समुद्रात फेकली जाण्याच्या घटना ऐतिहासिक आहेत. १७८१ मधील 'झाँग' जहाजावरील हत्याकांड हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. ज्यांची नोंद कोणत्याही वंशावळीत उरली नाही, त्यांना ड्रेक्सियाने वंशज दिले.

मार्क डेरी यांनी १९९३ मध्ये अशा निर्मितीसाठी 'आफ्रो-भविष्यवाद' ही संज्ञा वापरली आणि ज्या समाजाचा भूतकाळ जाणीवपूर्वक पुसला गेला, तो भविष्याची कल्पना करू शकतो काय, असा प्रश्न विचारला. टेक्नोने या प्रश्नाला संज्ञा रूढ होण्याआधीच उत्तर दिले होते.

बर्लिन आणि विस्मरण

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली. पूर्व भागातील ओस इमारतींत तरुणांनी नृत्यगृहे सुरू केली. जुन्या वेर्टहाइम भांडाराच्या तिजोरीघरात १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेसोर' या क्लबने अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या संगीतकारांना आपल्या लेबलवर स्थान दिले. एका शहराच्या मोडकळीतून निघालेले संगीत दुसऱ्या शहराच्या मोकळ्या झालेल्या वास्तूंत रुजले. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत समावेश झाला. हा सन्मान उचित असला तरी त्यातून एक प्रश्न उद्भवतो. यंत्राच्या नावाआड चेहरा लपवणाऱ्या कलावंतांचे संगीत जगभर गेले, तेव्हा त्यांचा चेहरा मागेच राहिला. अनेक श्रोत्यांच्या मनात टेक्नो हे युरोपीय, गोऱ्यांचे संगीत बनले. अनामिकतेने जे स्वातंत्र्य दिले, त्याचीच ही किंमत होती.

समारोप

टेक्नोमधील विज्ञानसाहित्याचा प्रभाव शीर्षकांची यादी करून संपत नाही. टॉफ्लर यांच्या ग्रंथांनी त्याला परिभाषा दिली, सन रा आणि क्लिंटन यांनी यान दिले, क्राफ्टवेर्कने यंत्राचा कंठ दिला आणि डेट्रॉइटने या सर्वांची निकड निर्माण केली. भविष्याची कल्पना करणे हे एरवी सुस्थितीतील समाजाचे काम मानले जाते. येथे ते काम वंचित केलेल्या समाजाच्या तरुणांनी टाकून दिलेल्या यंत्रांच्या साहाय्याने केले. म्हणूनच साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांनी या संगीताकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता विज्ञानकथेचा एक श्राव्य प्रकार म्हणून पाहणे इष्ट ठरेल. भविष्याचे चित्र कोण रंगवतो, आणि ते रंगवणाऱ्याचे नाव पुढे कोण लक्षात ठेवतो, हे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र आले आहेत.