बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे : जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगचा हिशेब

आजचा विषय ऐकायला छोटा आहे, पण ऐन पेरणीत तो फार मोठा होतो. पाऊस पडलाय, वाफसा आलाय, तिफण जोडायची आहे, आणि ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. चावी फिरवली की नुसतं 'टक्' वाजतं. मग चार माणसं गोळा करा, धक्का मारा, नाहीतर रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उतार बघून लावा. आपल्या जालना जिल्ह्यात जुने ट्रॅक्टर बरेच आहेत, त्यामुळे हे चित्र कुणाला नवीन नाही.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे नवी बॅटरी. ती टाकली की आठ-पंधरा दिवस मजेत जातात आणि मग पुन्हा तेच. असं का होतं? कारण बॅटरी बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकीनं उतरते आणि शिक्षा मात्र तिला होते. ती चूक नेमकी कुठं आहे, हे साध्या मल्टीमीटरवरच्या तीन आकड्यांतून कळतं. ते तीन आकडे कसे घ्यायचे आणि कसे वाचायचे, एवढंच आज आपण बघणार आहोत.

बिघाड लपून का राहतो?

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली जाते, तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंपही यांत्रिक असतो आणि इंजिन बंद करायला ओढायचा खटका असतो. म्हणजे एकदा इंजिन सुरू झालं की त्याला विजेची गरजच उरत नाही. चार्जिंग पूर्ण बंद पडलं तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, नाहीतर त्याच दिवशी अंधार पडल्यावर.

अंधाराची गोष्ट जास्त गंभीर आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर अंबड, घनसावंगीकडे ऊस उभा राहतो. गाळप हंगामात अंकुशनगरच्या समर्थ कारखान्यासारख्या ठिकाणी ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्रीच्याही धावतात. ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याला करंट याच बॅटरीचा आणि याच अल्टरनेटरचा. चार्जिंग गेलं की हेडलाइट पिवळा पडतो, तो ड्रायव्हरला दिसतो. मागचा दिवा विझला तर ते ड्रायव्हरला दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉलीच दिसत नाही. म्हणून चार्जिंग तपासणं हा नुसता पैशाचा विषय नाही.

वीज तयार कुठं होते?

फार जुन्या ट्रॅक्टरना डायनामो असायचा, त्याच्यासोबत कटआउटची पेटी. नंतर अल्टरनेटर आला. आपल्याकडे आजही दोघांना 'डायनामा'च म्हणतात, पण आतली रचना वेगळी आहे. अल्टरनेटरमध्ये मधोमध फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याच्या गुंडाळीला दोन कार्बन ब्रशमधून थोडा करंट मिळतो आणि तो चुंबक बनतो. फॅन बेल्ट त्याला फिरवतो. भोवतीच्या स्थिर गुंडाळीत एसी करंट तयार होतो. बॅटरीला डीसी लागतो, म्हणून डायोड त्या करंटला एकाच दिशेनं पाठवतात. आणि रेग्युलेटर रोटरचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज हद्दीत ठेवतो.

म्हणजे साखळी अशी : बेल्ट, ब्रश, रोटर, स्थिर गुंडाळी, डायोड, रेग्युलेटर, वायर, टर्मिनल, बॅटरी. यातली एक कडी तुटली तरी सकाळी 'टक्' वाजणार. बॅटरी या साखळीत सगळ्यात शेवटी आहे आणि आपण बदलतो मात्र सगळ्यात आधी.

आता एक छोटा हिशेब करू. सेल्फ मारताना साधारण दोनशे ॲम्पिअर ओढले जातात असं धरा आणि सेल्फ पाच सेकंद चालला. गुणाकार केला तर खर्च होतो जेमतेम पाव ॲम्पिअर-तासाच्या आसपास. ८८ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीसाठी हे काहीच नाही. चार्जिंग चांगलं असेल तर काही मिनिटांत भरून निघतं. तेव्हा 'दिवसातून चार वेळा बंद-चालू केला म्हणून बॅटरी उतरली' हे कारण टिकत नाही. एक तर भरणा होत नाही, नाहीतर कुठून तरी गळती आहे.

पहिला आकडा : विश्रांतीचा

ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या. सकाळी काहीही चालू न करता मीटर डीसी २० व्होल्टवर लावा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर टेकवा. १२.६ च्या आसपास आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. १०.५ च्या जवळ अडकून बसला असेल तर सहापैकी एक सेल मेल्याची शक्यता मोठी, कारण एका सेलचे साधारण दोन व्होल्ट असतात.

आकडा कमी आला तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, काही तास ठेवा, परत मोजा. हायड्रोमीटर असेल तर सगळे सेल तपासा. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एकच १.१५० वर आहे, तर तो सेल गेला आणि बॅटरी खरंच बदलायची झाली. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, तिला खाऊ घालणारा शोधा.

दुसरा आकडा : सेल्फ मारतानाचा

मीटर बॅटरीवरच ठेवा, गिअर न्यूट्रल करा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. इंजिन बंद करायचा खटका ओढून धरला तर इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. भरलेली बॅटरी यावेळी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जायला नको. भरलेली असून आठवर कोसळली तर आतल्या प्लेटा दमल्या आहेत, किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो आहे.

उलट, मीटर १२ च्या वर तसाच राहिला आणि सेल्फनं नुसतं 'टक्' केलं, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेतच अडतो आहे. टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर, ढिला नट, चेसीला जिथं अर्थची वायर बांधली आहे तिथला गंज आणि रंग, हे आधी साफ करा. पॉलिश पेपर, गरम पाणी आणि शेवटी थोडं ग्रीस. अनेक दुरुस्त्या इथंच संपतात.

तिसरा आकडा : इंजिन चालू असतानाचा

इंजिन चालू करून मध्यम रेस ठेवा आणि पुन्हा बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आला तर चार्जिंग व्यवस्थित आहे. मग हेडलाइट आणि बाकीचे दिवे लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे.

१५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा ट्रॅक्टरचे बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीचं पाणी भराभर आटतं. मालक म्हणतो उन्हाळा आहे म्हणून आटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थोडं खरं आहे. पण दर आठवड्याला पाणी टाकावं लागत असेल तर मीटर लावाच.

आकडा विश्रांतीच्या आकड्याएवढाच किंवा त्याहून कमी आला, तर चार्जिंग होत नाही. आता साखळी टोकापासून बघत जायची.

आधी इंजिन बंद करून बेल्ट. मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. गुळगुळीत चकाकणारा बेल्ट ताणूनही घसरतो, तो बदला.

मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. चावी दिल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की रोटर चुंबकच बनत नाही! बल्ब असतो काही रुपयांचा आणि माणूस अल्टरनेटर खोलून घेऊन येतो.

मग अल्टरनेटरच्या मागचं जाड वायरचं टोक. इंजिन चालू ठेवून, सैल कपडे आणि हात बेल्टपासून लांब ठेवून, तिथलं व्होल्टेज मोजा. तिथं १४.२ आणि बॅटरीवर १२.८, तर अल्टरनेटर काम करतो आहे, मधली वायर किंवा जोड खराब आहे. दोन्हीकडे १२.३ च असेल तर दोष अल्टरनेटरमध्ये. त्यात सगळ्यात आधी झिजतात ते कार्बन ब्रश. मळणीचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ आत बसली की ब्रश अडकतातही. ब्रश बदलणं हे नव्या अल्टरनेटरपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे.

गळती कशी पकडायची?

तिन्ही आकडे चांगले आहेत, तरी चार दिवस उभा राहिला की ट्रॅक्टर बसतो. मग चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि मीटर १० ॲम्पिअरवर लावून मधे जोडा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा ॲम्पिअर दिसला तर दिवसाला १२ ॲम्पिअर-तास जातात, म्हणजे ८८ ची बॅटरी चार दिवसांच्या आत निम्मी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनवर चोर आहे. बहुधा तो नंतर बसवलेला टेप, ॲम्प्लिफायर किंवा जादा लाइट असतो. कुठल्याच फ्यूजला पडला नाही तर अल्टरनेटरवर हात ठेवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर कोमट लागला तर त्याचा डायोड शॉर्ट आहे. एक लक्षात ठेवा, मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मीटर जळेल.

हे करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'बंद पडतो का बघू' ही परीक्षा डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर ती केली तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात. डिझेल इंजिन तर तसंही बंद पडणार नाही, मग कळणार काय? वायर बॉडीला घासून ठिणगी बघणं, हाही तसाच प्रकार. ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. बॅटरी खोलताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना ती शेवटी लावा. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. पाणी बघायला काडी पेटवू नका, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. पाणी डिस्टिल्डच टाका, बोअरचं नको.

प्रश्नोत्तरातून

एक प्रश्न आला : 'मोटारसायकलला किंवा फार्महाऊसवरच्या जुन्या एटीव्हीला हेच चालेल का?' तिन्ही आकडे तसेच घ्यायचे, फक्त दुसऱ्या आकड्यासाठी गाडीला सेल्फ हवा. वीज तयार करणारा भाग मात्र वेगळा आहे. तिथं बेल्ट नाही, ब्रश नाही. इंजिनाच्या दांड्यावर कायमचं चुंबक फिरतं, ज्याला आपण मॅग्नेट म्हणतो, आणि त्याच्या कॉइलमधला करंट आरआर युनिटमध्ये डीसी होतो. कॉइलमधून एकाच रंगाच्या तीन वायरी येत असतील, बहुधा पिवळ्या, तर प्लग सोडून मीटर एसीवर लावा आणि दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं व्होल्टेज हवं आणि रेसबरोबर वाढायला हवं. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळाली. इंजिन बंद करून कुठलीही वायर बॉडीशी जुळलेली दिसली तरी कॉइलच. कॉइल चांगली असून बॅटरीवर १४ च्या आसपास येत नसेल तर आधी प्लगचे जळके पॉइंट आणि अर्थ बघा, मग आरआर युनिटकडे वळा.

दुसरा प्रश्न : 'उतरलेली बॅटरी ट्रॅक्टर चालवूनच भरली तर?' अर्धवट उतरलेली भरते. पूर्ण मेलेली बॅटरी भरायला अल्टरनेटरला बराच वेळ पूर्ण ताकदीनं चालावं लागतं आणि तो तापतो. तेव्हा ती दुकानातल्या चार्जरवर भरून आणणंच बरं.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी ट्रॅक्टर बसला की दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा : उभा असताना, सेल्फ मारताना, इंजिन चालू असताना. तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या. चांगल्या मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचेल, आणि जो कागद न बघताच 'बॅटरी टाका' म्हणेल, त्याच्याकडून उठून दुसरीकडे जायला तुम्हाला कारण मिळेल.