माळवदाची ऊब, बंबाचा विस्तव

बीड जिल्ह्यातल्या जुन्या घरांत खोल्या तापवणारी भट्टी नव्हती. थंड देशांत तळघरात दगडी कोळसा जाळून गरम हवा नळ्यांतून वरच्या खोल्यांत सोडत. बालाघाटाच्या डोंगररांगेवरचा गारठा दोन-अडीच महिन्यांचा, तोही रात्रीपुरता. त्यामुळे इथे उन्हाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवणे पुरे होई. ते काम माळवद, म्हणजे मातीचे छत, करी. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभर तापलेली ही माती आणि दगडी भिंती सावकाश निवत.

विस्तव लागे तो माणसाला शेक द्यायला आणि पाणी तापवायला. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळत आणि धूर माळवदातल्या झरोक्यातून बाहेर पडे. याच जिल्ह्यातल्या परळीत १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले ते दगडी कोळशावर, पण घरच्या शेगडीत बाभळीसारख्या झाडांचा लाकडी कोळसाच बरा, कारण त्याला धूर नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली याच निखाऱ्यांची शेगडी ठेवून वर ओवा-शेपांची धुरी देत. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे मात्र नव्हे. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. झरोका उघडा ठेवण्याची जुनी शिस्त म्हणूनच शहाणपणाची होती.

खरी भट्टी म्हणायची तर न्हाणीघराजवळचा तांब्याचा बंब. पुण्याच्या तांबट आळीतही असे बंब घडत. बंबाच्या पोटातून उभी नळी जाते, तिच्या तळाशी जाळी असते. वरून ढलप्या-कोळसा टाकायचा, राख खाली पडते. विस्तव मधोमध आणि पाणी चहूबाजूंनी, त्यामुळे थोड्या जळणात पाणी कढत होते. तोटीतून जेवढे काढाल तेवढे गार पाणी वरून ओतायचे, हा नियम. कोरडा बंब पेटवला तर सांध्यांची झाळ वितळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड मातीच्या छतांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाचा धसका बसला. पत्र्याचे छप्पर हलके, पण ते रात्री लगेच गार पडते. गॅस आणि हीटर आल्यावर बंबही मागे पडला. तांब्याला भाव असल्याने पुष्कळ बंब मोडीत गेले.